आधी फ्रीज, मग पिशवी: घरात आहे त्यातून स्वयंपाक करायला शिकताना

ठाण्यात आणि नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात दरवर्षी नवी बिऱ्हाडं येतात. कोणी नोकरीसाठी तिघाचौघांत वन बीएचके घेतलेला असतो, कोणी लग्न होऊन घोडबंदर रोडला राहायला आलेली असते. गॅस लागतो, फ्रीज येतो, पहिल्या रविवारी हौसेनं पिशव्या भरभरून भाजी येते आणि पुढच्या रविवारी त्यातली निम्मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाते. नवी मुंबईत तर यातही एक गंमत आहे. भाजी तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटातून निघते, आपल्या फ्रीजमध्ये आठ दिवस गारठते आणि महापालिकेच्या गाडीतून परत तुर्भ्यालाच कचराभूमीवर जाते. या सहलीचा खर्च आपला.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. त्यात सालं, हाडं, बाठे असं न खाण्याजोगंही धरलंय, हे खरं. तरी रोजचा हिशेब दीडशे ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे एका माणसाची एका वेळची भाजी.

अन्न वाया जातं म्हटलं की डोळ्यांपुढे ताटात टाकलेलं अन्न येतं. माझं मत वेगळं आहे. दोन-तीन माणसांच्या घरात ताटात फार काही राहत नाही. टाकलं जातं ते न शिजवलेलं सामान: पिवळी पडलेली मेथी, बुळबुळीत कोथिंबीर, अर्धा कापून ठेवलेला दुधी, डब्याच्या तळाशी जाळी धरलेला रवा. त्यामुळे ‘उरलेल्याचं काय करू?’ याच्या आधी ‘घरात काय आहे?’ हे विचारायची सवय लावायची. खावंसं काय वाटतंय, ते त्यानंतर. खालचं सगळं या एका सवयीसाठी आहे.

पहिली पायरी: सगळं बाहेर काढा

बाजारात जायच्या किंवा दहा मिनिटांत सामान आणून देणारं ॲप उघडायच्या आधी हे करायचं. गुरुवार किंवा शुक्रवारची संध्याकाळ बरी, कारण रविवारची खरेदी तोवर म्हातारी झालेली असते आणि पुढची अजून व्हायची असते.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरा आणि भाजीचा ट्रे त्यावर पूर्ण रिकामा करा. नुसतं ट्रे ओढून आत डोकावू नका. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बाहेरून बघून काहीच कळत नाही. प्रत्येक पिशवी उघडा, हात घाला. फरसबी वाकवून बघा, कटकन मोडली तर अजून चार दिवस आहेत, रबरासारखी वाकली तर आज-उद्याच. कोबीची वरची दोन पानं सुकलेली असतील तर ती काढली की आतला गड्डा ठणठणीत निघतो. पालेभाजीच्या जुडीत मधोमध ओल धरलेली असते, तिथून सडायला सुरुवात होते, म्हणून जुडीचा बंद सोडूनच बघायचं.

आता तीन ढीग करा. आजच्या आज लागणारं, दोन-तीन दिवसांत संपवायचं आणि टिकणारं. पहिल्या ढिगातल्या वस्तू एका चिठ्ठीवर लिहून ती फ्रीजच्या दारावर लावा. फक्त पहिल्या ढिगातल्याच. अख्ख्या स्वयंपाकघराची यादी करायला जाल तर पहिला आठवडा उत्साहात जाईल आणि दुसऱ्या आठवड्यात ती यादी कोणी बघणार नाही. चार वस्तूंची चिठ्ठी मात्र सगळे वाचतात, रूममेटसुद्धा.

फ्रीजमध्ये एक कप्पा, डोळ्यांसमोरचा, ‘आधी हे’ म्हणून मोकळा ठेवा. अर्धा कांदा, वाटीभर आमटी, उघडलेलं नारळाचं दूध, सगळं तिथेच. मागे सरकवलेला डबा हा हरवलेला डबा असतो.

दुसरी पायरी: मदतनीस डबे भरून ठेवा

एकटी अर्धी सिमला मिरची काही कामाची नाही. तिच्या जोडीला बेसन असलं की जेवण होतं. म्हणून ताजं सामान कमी आणि कोरडं सामान नेमकं, असा बेत ठेवा. मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट आणि गोडा मसाला तर हवाच. त्याशिवाय बेसन, तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ किंवा भाजणी, रवा, जाडे पोहे, तूरडाळ, मूगडाळ, एखादं कडधान्य, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, चिंच किंवा कोकम आणि गूळ. एवढ्यावर पाच-सात दिवस बाजाराशिवाय निघतात.

मासे खाणाऱ्यांनी यात सुका जवळा जरूर धरावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा दिवाळे गावाच्या किंवा चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला सुक्या मासळीचाच आधार. एक वांगं, एक बटाटा आणि मूठभर भाजलेला जवळा, वर दोन कोकमं, की भाकरीबरोबर दोघांचं पोट भरतं. जवळा मात्र चाळणीत घेऊन आधी चाळा, मग धुवा. नाहीतर वाळू दाताखाली येते.

तिसरी पायरी: कृती पाठ करू नका, साचे शिका

नवशिक्यांची खरी अडचण इथे असते. व्हिडिओतल्या कृतीत चौदा वस्तू असतात, घरात नऊ असतात, मग उरलेल्या पाच आणायला माणूस खाली उतरतो आणि येताना आणखी सहा घेऊन येतो. आपल्या घरच्या स्वयंपाकात असे काही साचे आहेत ज्यांत भाजी कुठलीही चालते.

*पीठ पेरून भाजी.* हा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, म्हणून सविस्तर सांगते. समजा शुक्रवारी ट्रेमधून निघालं ते असं: पाव कोबी, अर्धी सिमला मिरची, चार-पाच भेंड्या, एक मऊ पडलेला टोमॅटो, मूठभर मेथी. भेंडी सगळ्यांबरोबर टाकली तर तार सुटते, म्हणून ती आधी चमचाभर तेलात एकटी परतून कोरडी करून बाजूला काढा. टोमॅटो यात घालूच नका, त्याच्या पाण्यानं पीठ चिकट होतं. त्याची सोय पुढे आहे. कढईत नेहमीपेक्षा जरा जास्त, तीन मोठे चमचे तेल घ्या. मोहरी तडतडली की हिंग, हळद, मग कोबी आणि सिमला मिरची. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परता, भाजी अर्धी शिजली पाहिजे पण पाणी सुटता कामा नये. मेथी आणि भेंडी घाला, मीठ, तिखट, चिमूटभर साखर. आता आच मंद करून चार मोठे चमचे बेसन वरून चिमटी-चिमटीनं पेरा. लगेच ढवळू नका. मिनिटभर तसंच राहू द्या, खालून वर उलथा, पाण्याचा एक हबका मारा आणि झाकण ठेवा. पाच मिनिटांनी उघडलं की कच्च्या पिठाचा वास जाऊन खमंग वास यायला हवा. अजून पिठूळ वाटलं तर दुसरा हबका. कढईच्या तळाला जी खरपूस लागते ती खरवडून वाढायची, त्यावरून घरात भांडणं होतात.

*थालीपीठ.* किसता येईल ती कुठलीही भाजी इथे चालते: दुधी, काकडी, कोबी, गाजर, मुळा. शिवाय उरलेला वरणभात, खिचडी, उसळ. वाटीभर वरणभात हातानं कुस्करा, त्यात वाटीभर भाजणी किंवा ज्वारीचं पीठ, दोन चमचे बेसन, चिरलेला कांदा, तिखट, मीठ, ओवा, कोथिंबीर. आधी पाणी घालू नका. भातातली ओल आणि कांद्याचं पाणी बहुतेक वेळा पुरतं. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी गरम तव्यावर थापायच्या भानगडीत पडू नये. ओल्या सुती फडक्यावर थापा, मध्ये भोकं पाडा, फडक्यासकट तव्यावर उलटा आणि फडकं अलगद सोडवा. भोकांत तेल सोडायचं, कडेनं सोडायचं, झाकण ठेवायचं.

*कढी.* दही आंबट झालं म्हणून कोणी टाकत असेल तर मला खरंच वाईट वाटतं. वाटीभर आंबट दह्याला दोन छोटे चमचे बेसन, गार असतानाच घुसळून एकजीव करा, मग दोन वाट्या पाणी. बेसन आधी लावलं की कढी फुटत नाही, आणि सतत ढवळत मंद आचेवर नुसती उकळी फुटेपर्यंतच न्यायची. आलं-मिरची ठेचून, कढीपत्ता, जिऱ्याची फोडणी आणि चवीला साखर. दही फारच आंबट असेल तर तांदळाच्या पिठीची उकड करा, तिला असलंच ताक लागतं.

*सांबार किंवा मिसळीची आमटी.* मऊ टोमॅटो, एकटं पडलेलं वांगं, शेवग्याच्या दोन शेंगा, भोपळ्याची फोड, सगळ्यांना डाळीत जागा मिळते. टोमॅटो नुसते मऊ पडले असतील तर परतून, मिक्सरमधून काढून फ्रीजरमध्ये ठेवले तरी महिना निघतो.

*सांजा किंवा पोहे.* यात वाटाणा, गाजर, फरसबी, बटाटा, फ्लॉवरचे तुकडे जातात, हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून पुढे जाते.

देठ, सालं आणि पाला

आपण भाजी वजनावर घेतो आणि त्यातला बराच भाग निवडताना टाकून देतो. फ्लॉवरचा कोवळा पाला आणि देठ बारीक चिरून डाळीत शिजवा किंवा परतून भाजी करा. मुळ्याचा पाला मूगडाळ घालून, नवलकोल आणि बिटाचा पाला लसूण घालून. कोथिंबिरीचे देठ टाकायचे नसतातच. चव तिथेच जास्त असते, वाटणात आणि चटणीत तेच घालावेत आणि पानं वरून भुरभुरायला ठेवावीत. दोडक्याच्या शिरा काढल्या की थेट तव्यावर जाव्यात: थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून जाडसर कुटायच्या. दुधीच्या सालीचीही अशीच. सालीची चटणी करायची असेल तेव्हा भाजी सोलायच्या आधी चोळून धुवायची, सोलल्यावर नव्हे.

दुधीबद्दल एक सूचना गंभीरपणे घ्या. चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी टाका, साल, गर, रस सगळंच. कडू दुधीतली द्रव्यं विषारी असतात आणि शिजवून जात नाहीत. काटकसर तिथे करायची नाही.

उन्हाळ्यात कलिंगड संपलं की हिरवी साल काढून आतला पांढरा भाग किसा. काकडीसारखी कोशिंबीर होते, थालीपिठातही जातो. फणसाच्या आठळ्या उकडून आमटीत, लाल भोपळ्याच्या बिया धुऊन वाळवून खायला. कोळंबी आणली तर डोकी आणि कवचं थोड्या पाण्यात उकळून ते पाणी गाळून कालवणात घाला, मग बघा फरक.

बटाट्याला कोंब आले तर ते खोल खरवडून काढले की बटाटा वापरता येतो. हिरवा पडलेला किंवा कडवट लागणारा बटाटा मात्र नको.

शिजवलेलं उरलं तर

आपल्याकडे उरलेल्याची रचना आधीपासून आहे. नवीन काही शोधायची गरज नाही, फक्त आठवण हवी.

पोळ्या उरल्या की कुस्करा, ज्याला काही घरांत फोडणीची पोळी म्हणतात. चार पोळ्या हातानं कुस्करा, मिक्सरला लावल्या तर भुगा होतो आणि मग त्याचा गोळा बसतो. कांदा जरा जास्त, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद-तिखट, पोळीचा चुरा, दोन मोठे चमचे पाणी शिंपडून झाकण. शेवटी लिंबू. मुलं असतील तर पोळी कुस्करून तूप-गूळ घालून लाडू वळा.

आमटी उरली की वरणफळं, ज्यांना कोणी चकोल्या म्हणतं. आमटीत दोन-तीन वाट्या पाणी घालून उकळी आणा, चव बघून तिखट-मीठ-गूळ वाढवा, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून सोडा. दहा-बारा मिनिटं शिजू द्या आणि वरून तूप. पावसाळी रात्री यासाठी मुद्दाम आमटी जास्त करणारी घरं मला माहीत आहेत.

सुकी भाजी उरली तर पराठ्यात किंवा सँडविचमध्ये. उसळ उरली तर पाव आणि फरसाण आणा, मिसळ झाली. पाव उरला तर फोडणीचा पाव. सायीचं विरजण लावून लोणी-तूप काढणाऱ्या घरात तळाची बेरीही वाया जात नाही, कणकेत मळतात. दूध तापवताना फाटलं आणि वास-चव ठीक असेल तर लिंबू पिळून पनीर करा, गाळलेल्या पाण्यात कणीक मळा. कडू किंवा चिकट झालेलं दूध मात्र मोरीत.

आणि भात. फोडणीचा भात ही आपली शान आहे, पण याच भाताबाबत सगळ्यात जास्त सांभाळायला हवं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात दमट हवेत तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीचा भात कुकरमध्येच ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी घालायची पद्धत अनेक घरांत आहे. आपल्या खाडीकाठच्या हवेत ती सोडलेली बरी. उरलेला भात ताटात पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. मे महिन्यातल्या उकाड्यात तासाभरातच. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत कडकडीत गरम करून संपवा, परत परत गरम करू नका.

हा दोन तासांचा नियम आमटी, मटण, पनीर, नारळाचं वाटण घातलेल्या सगळ्या पदार्थांना लावा. नारळ घातलेलं सगळ्यात आधी आंबतं.

उरलेल्याचं बोलताना एक गोष्ट मला टोचते. ‘अन्न वाया घालवू नये’ याचा अर्थ कितीतरी घरांत ‘शिळं घरातल्या बाईनं खावं’ असा लावला जातो. बाकीच्यांना गरम पोळ्या आणि कालची भाजी हिच्या ताटात. उरलेल्याचा पदार्थ करायचा तर तो सगळ्यांच्या ताटात वाढा. नाहीतर ती काटकसर घराची नसते, एकटीच्या पोटावर चाललेली असते.

काय टाकूनच द्यायचं

पावावर एका कोपऱ्यात बुरशी दिसली तरी अख्खा पाव टाका, ती आत पसरलेली असते. मऊ पदार्थ, जॅम, दही, शिजवलेलं अन्न यांचंही तेच. गाजर, कोबी अशा घट्ट भाजीवर छोटासा ठिपका असेल तर आजूबाजूचा इंचभर भाग काढून बाकी वापरता येतो. शेंगदाणे, सुकं खोबरं, मका यांना बुरशी किंवा कुबट वास आला तर निवडत बसू नका, त्यांतल्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं.

पाकिटावरच्या तारखा नीट वाचा. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची, ताजेपणाची तारीख असते. ती उलटली म्हणून न उघडलेला रवा किंवा बिस्किटं लगेच कचऱ्यात जायची गरज नाही, उघडून, वास घेऊन, किडे बघून ठरवा. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘युज बाय’ लिहिलेलं असेल तर मात्र त्या तारखेनंतर नको, मग डबा कितीही महागाचा असो.

खरेदी: पाव किलो मागायला लाजू नका

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात की भाव ऐकून हात सैल होतो. घराजवळ पाव किलोला जे पैसे पडतात त्यात तिकडे बरंच जास्त येतं. चार घरांत वाटून घेणार असाल तरच तसली खरेदी परवडते. एपीएमसीतून कांद्याची अख्खी गोणी आणायची असेल तर मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी विचारा.

दोघांसाठी एका वेळच्या फळभाजीला पाव किलो भरपूर. पालेभाजीची एक जुडी निवडल्यावर निम्मी होते, ती दोघांना एक वेळ होते. भाजीवाल्या मावशी म्हणतीलच, “पाव किलोला कशाला सुट्टे, अर्धा घे ना गं, स्वस्त लावते.” हसून म्हणा, “मावशी, पावच द्या, परवा परत येते ना.” त्यांना परत येणारं गिऱ्हाईक जास्त आवडतं. मिरची, आलं, कोथिंबीर वेगवेगळं वजनावर घेण्यापेक्षा ‘दहाचा मसाला द्या’ म्हणालात की लहान घराला पुरेल एवढं मिळतं.

फक्त तीन-चार दिवसांची भाजी आणा आणि त्यात क्रम लावा: पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी, फरसबी, वांगी, आणि कोबी, भोपळा, सुरण, गाजर शेवटी. ॲपवर ‘अजून इतक्याचं घेतलं की डिलिव्हरी फुकट’ असं आलं तर भाजी वाढवू नका, तूरडाळ किंवा साबण घ्या. तो सडत नाही.

ठेवणं

पालेभाजी आणल्याच्या संध्याकाळी निवडा, पण धुवू नका. कागदात किंवा सुती कापडात गुंडाळून डब्यात. कोथिंबीरही तशीच. मिरच्यांचे देठ काढा, पुसून ठेवा. प्लॅस्टिकची गाठ मारलेली पिशवी ही भाजीची शत्रू, आत वाफ धरते. कांदे आणि बटाटे हवेशीर, अंधाऱ्या जागी, पण एकमेकांपासून लांब. केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो, आंबे यांच्यातून इथिलीन वायू सुटतो, त्यानं शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून फळं वेगळ्या कप्प्यात.

फ्रीजचं तापमान पाच अंशांच्या खाली हवं. पावसाळ्यात ‘बाहेर गारच आहे’ म्हणून बटण कमी करणारे असतात, तसं करू नका. लाइट गेली तर फ्रीज उघडत बसू नका. दार बंद राहिलं तर चारेक तास गारवा टिकतो.

जून ते सप्टेंबर रवा, पीठ, पोहे अर्ध्या-एक किलोवर आणूच नका. रवा आणल्या आणल्या कोरडाच भाजून गार करून भरा. तांदळात कडुनिंबाची वाळलेली पानं घालतात. पीठ फ्रीजमध्ये ठेवायला जागा असेल तर उत्तम. फ्रीजरमध्ये खवलेला नारळ, आलं-लसणाचं वाटण, मोड आलेली उकडलेली कडधान्यं आणि फार पिकलेली सोललेली केळी ठेवता येतात. त्या केळ्यांचं शिकरण होतं किंवा कणीक-गूळ घालून घारगे.

तरीही उरलं तर

सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं यांचा कचरा होणारच. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा असतो. गॅलरी असेल तर तळाला भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत थर लावा: ओला कचरा, त्यावर सुका पाला किंवा नारळाच्या शेंडीचा भुगा, चमचाभर आंबट ताक. वास आला किंवा अळ्या दिसल्या तर पाणी जास्त झालंय, सुकं वाढवा. शिजवलेलं तेलकट अन्न, मासे, मटण यात नको. सोसायटीत खतप्रकल्प असेल तर बादली लागतच नाही.

गावी जाताना

फ्रीजची खरी परीक्षा गणपतीत असते, तेव्हा निम्मं ठाणं कोकणात उतरतं आणि घर आठ-दहा दिवस बंद राहतं. निघायच्या आधीच्या शनिवारपासून नवीन भाजी आणणं थांबवा. रोज ट्रेमधलं एक-एक संपवा, शेवटच्या दोन रात्री थालीपीठ आणि मिश्र भाजी. दूधवाल्याला सांगून ठेवा. उरलेलं दही, पाव, पालेभाजी शेजारच्या काकूंकडे द्या, निघायच्या दिवशी सकाळी नव्हे, आदल्या संध्याकाळी, म्हणजे त्यांचाही स्वयंपाक व्हायचा असतो. कोबी, गाजर, भोपळा राहू दे. प्रवासाच्या डब्यासाठी शिल्लक कणकेच्या दशम्या करा. दूध आणि गूळ घालून मळलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात, आणि लोणच्याचा डबा उघडाच आहे.